पेनल्टीपुरती बोडिल

व्हेस्टरलुंडच्या हॉलमध्ये बोडिल ओव्हरबी चौदा वर्षं हँडबॉल खेळली, त्यातली शेवटची सहा फक्त पेनल्टीपुरती. पंचांनी सात मीटरची पेनल्टी दिली की बाकावरून उठायचं, गोलात उभं राहायचं, एक फटका अंगावर घ्यायचा आणि पुन्हा बाकावर. घामसुद्धा येत नसे.

तिची जागा सिग्ने ब्रोगोरने घेतली होती. नऊ वर्षांनी लहान, हातभर जास्त उंच आणि, बोडिलच्या दृष्टीने सगळ्यात वाईट म्हणजे, मनाने चांगली. सामना संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी गावातली म्हातारी मंडळी सिग्नेला गराडा घालत. बोडिल एका कोपऱ्यात पकडीसाठी चेंडूला लावतात ती, हाताला लागलेली चिकट राळ खरवडत बसे, आणि आतल्या आत तिचा जळफळाट होत असे.

"बोडिल, ये गं इकडे. तुझ्यासाठी केक ठेवलाय."

"तूच खा. तुला उड्या मारायच्यात. मला काय, बसायचंच तर आहे."

सिग्ने खळखळून हसे. तिला ती थट्टा वाटे. त्याने तर बोडिलच्या अंगाचा अगदी तिळपापड होई.

बोडिलकडे एक गोष्ट मात्र होती, नजर. कोणती खेळाडू कुठे मारते, हे तिला बाकावर बसून बरोबर कळे. मध्यंतरात दोघी डोक्याला डोकं लावून बसत. बोडिल सांगे, सिग्ने अडवे, आणि टाळ्या सिग्नेला मिळत.

सत्त्याण्णवच्या वसंतात संघ अंतिम सामन्यात पोचला. आठवडाभर आधी प्रशिक्षक प्रेबेनने बोडिलला सांगून टाकलं होतं, "तुझ्या कराराचं या सामन्यानंतर बघू." बसून राहणारीचं काय बघणार होता, कोण जाणे.

मध्यंतरात सिग्नेने विचारलं, "ती अकरा नंबरची डावखुरी कुठे मारतेय गं?"

"वर," बोडिल म्हणाली. "कायम वर."

ती खाली मारत होती. सहा वर्षांत बोडिल पहिल्यांदा खोटं सांगत होती, आणि ते इतकं सहज जमल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

डावखुरीने खालून एकामागोमाग चार गोल मारले. प्रेबेनने सिग्नेला बाहेर काढून बोडिलला आत घातलं. आणि बोडिल खेळली! सात फटके अडवले तिने. सगळा हॉल तिच्या नावाने ओरडत होता. बाकावर सिग्ने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होती. नाटकी मेली, असं बोडिलच्या मनात आलं.

वेळ संपली तेव्हा गुण बरोबरीत होते आणि पंचांनी समोरच्या संघाला पेनल्टी दिली. अडवली तर जादा वेळ, नाहीतर सगळं संपलं. अकरा नंबरच मारणार होती. बोडिल पाणी प्यायला बाकापाशी आली. सिग्नेने बाटली पुढे केली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"नीट ऐक. तिने चेंडू दोनदा आपटला ना, की तुझ्या उजवीकडे, खाली. तू पेनल्टीला आत जातेस तेव्हा मी बाहेरून बघत असते. आज तीनदा तसंच केलंय तिने."

बोडिल तिच्याकडे बघत राहिली. जागा गेलेली बाई जागा घेणारीला खरं कशाला सांगेल? मी सांगितलं होतं का?

अकरा नंबरने चेंडू दोनदा आपटला. बोडिलने डावीकडे, वर झेप घेतली. चेंडू उजवीकडून, खालून आत गेला.

सिग्ने पळत आली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "ऐकू नाही आलं का तुला?"

"नाही. गोंगाट फार होता."

"मीच मोठ्याने सांगायला हवं होतं गं," सिग्ने म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझंच चुकलं."

सात अडवलेल्या फटक्यांवर प्रेबेनने करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवून द्यायचं ठरवलं. कागद आठवडाभर बोडिलच्या स्वयंपाकघरात पडून होता. तिने सही केली नाही. सिग्नेच्या उंचीचा, जागेचा, टाळ्यांचा हेवा करत ती सहा वर्षं बाकावर बसली होती आणि आणखी दोन सहज बसली असती. पण आता तिला त्या पोरीच्या मनाचाच हेवा वाटू लागला होता, आणि तो घेऊन तिच्या शेजारी बसणं तिला जमणार नव्हतं.