पंखा बंद होऊ दे

गरम रेडिएटरचा गोडसर वास आला की मला लातूरच्या दवाखान्याचं आवार आठवतं. वडिलांच्या जुन्या अँबॅसिडरला नांदेडच्या एका मिस्त्रीचाचांनी विजेचा पंखा बसवला होता. इंजिनाच्या उष्णतेवर चालू-बंद होणाऱ्या थर्मोस्टॅट स्विचची वायर त्यांनी थेट बॅटरीवरून ओढली आणि म्हणाले, "चावी काढली तरी पंखा फिरून राहील, साहेब. घाबरू नका, इंजन थंड झालं की आपसूक बंद होते." वडिलांचा भरवसा बसला नाही. पंखा थांबेपर्यंत ते चावी हातात धरून गाडीपाशी उभे राहायचे आणि आई दारातून ओरडायची, "चहा निवून राहिला, या की आत!" लातूरच्या दवाखान्यात त्या दुपारी मात्र आईला स्ट्रेचरवर घेतलं आणि मला गाडीपाशी थांबवून वडील आत धावले. पंखा घरघरत होता. थोड्याच वेळात ते बाहेर आले. "आई कशी हाय?" मी विचारलं. त्यांनी हात वर केला, "थांब. पंखा बंद होऊ दे." टक् असा आवाज झाला, पंखा थांबला, मग त्यांनी आई गेल्याचं सांगितलं. आता माझ्या गाडीचा पंखाही चावी काढल्यावर फिरत राहतो. मीही उभा राहतो, पण तो थांबायची वाट बघत नाही; तो फिरतोय तोवर ती बातमी अजून आलेली नसते.