आजीच्या नीरफणसाची गोधडी

अकाइतीच्या आजीने कापडाला कधी पेन्सिल लावली नाही. कापडाचे आठ तुकडे एकावर एक रचायची आणि सरळ कात्री चालवायची. थर सुटे केले की नीरफणसाच्या फांद्या आणि पानंच पानं! मग ती पानं दुसऱ्या चादरीवर शिवायला साऱ्या अतिऊ बेटावरच्या बायका जमत. छोटी अकाइती त्या ताणलेल्या गोधडीखाली लोळत सुया ओवून द्यायची.

पण अतिऊची रीत अशी की ज्याची गोधडी त्याच्यासोबत मातीत जाते. आजी गेली, तिच्याबरोबर शेवटची गोधडीही गेली. नक्षी कुणीच उतरवून घेतली नव्हती.

अकाइतीने शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं. निवृत्त झाली आणि एके दिवशी आजीची ती नक्षी कापायला हिरवं कापड घेऊन बसली.

"पोरांच्या वह्या तपासणं वेगळं आणि हे वेगळं, बाई!" चुलतबहीण तेरेआ म्हणाली. "तुझ्या हातात कात्री म्हणजे नारळ फोडायचा कोयता."

खरंच, पहिलं कापड वाया गेलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी तिने पडवीत दोन दोऱ्यांवर चादर ताणून बांधली आणि या वयात खाली उताणी पडली. वरून ऊन झिरपत होतं. डोळे मिटले, तशी एकेक फांदी आठवत गेली. ती उठली आणि एका दमात कापड कापलं.

बायका शिवायला आल्या. आजीसोबत शिवणाऱ्यांपैकी एकटी नुईना मावशी उरली होती. तिला दिसत नव्हतं. तिने बोटं फिरवली आणि थबकली.

"फांद्या उलट्या वळल्यात गं."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. अकाइतीचा चेहरा पडला. "मी खालूनच पाहिल्या होत्या, मावशी."

म्हातारी खदखदून हसली. "अगं, खालून बघणारी तू एकटीच होतीस! बाकी पानं तिचीच आहेत. देठाशी हा बारीक बाक तीच द्यायची. शिवा गं, बघत काय बसलात?"

दीड वर्षाने गोधडी पुरी झाली. नाताळात सभागृहात ती टांगली, तेव्हा तेरेआने देठाजवळच्या बाकावरून बोट फिरवलं. मग लाल कापडाचा तागा अकाइतीच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "माझ्या लेकीचं लग्न आहे. तिच्यासाठी काप ना. पण अशीच हं, उलट्या फांद्यांची."