विचारलं तेवढंच

माझ्या सासूबाईंनी चारेक हजार माणसांची चरित्रं लिहिली आहेत. प्रत्येकी दोन पानं, काळ्या शाईत, चौकटीच्या आत. बाहेरदेशातून इथे आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातल्या त्यांच्या टेबलापाशी यायचा आणि त्या त्याचा अर्ज भरून द्यायच्या. राहण्याचा परवाना, कामाचा परवाना, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना. सगळे त्यांना फॉर्मवाल्या म्हणतात. त्यांनी भरलेला एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत, पण दुसऱ्याने सांगितलं की मान डोलावतात, जरा जास्तच वेळ.

अर्जाबरोबर सल्ला फुकट असायचा. "खिडकीतल्या साहेबाने विचारलं तेवढंच सांगायचं. नाव विचारलं तर नाव, आजोबांची शेती सांगत बसायचं नाही. जादा बोललात की जादा कागद मागतात." त्याची तालीमसुद्धा व्हायची. सासूबाई साहेब व्हायच्या, समोरचा घाम पुसत उत्तरं द्यायचा आणि एक शब्द जास्त झाला की त्या पेनाने टेबल ठोकायच्या.

गेल्या वर्षी नगरपालिकेने एक निधी जाहीर केला. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्यांच्या आठवणी जपायच्या आणि गावाला ऐकवायच्या, त्यासाठी छोट्या मंडळांना मदत. आमचंही एक मंडळ आहे, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत भरतं. मला टायपिंग येतं एवढ्या गुन्ह्यासाठी मी त्याची चिटणीस आहे. जाहिरातीचा कागद घरी आणला, तर सासूबाईंनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"हा मिळालाच पाहिजे," म्हणाल्या. "या वर्षात आपल्यातले सहाजण गेले. काय उरलं त्यांचं? मी भरलेले फॉर्म. तेही कचेरीच्या तळघरात."

एरवी ही बाई स्वतःसाठी चहासुद्धा मागत नाही. म्हणून मीही कंबर कसली.

अर्ज त्यांनीच भरला, म्हणजे तिकडून काळजी नव्हती. पण सोबत तिघांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग जोडायचं होतं, शुक्रवारपर्यंत. मी म्हटलं, त्यात काय, आमच्यात गप्पिष्टांना तोटा नाही. निवृत्त बसड्रायव्हरकाका बोटीवरच्या वादळाची गोष्ट सांगायला लागले की खाली लॉन्ड्रीत लोकांचे कपडे धुऊन वाळूनही होतात.

तर पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. समोर माइक, पलीकडे मी, माझ्या मागे सासूबाई.

"इथे कसे आलात, काका?"

"बोटीने."

"प्रवास कसा झाला?"

"झाला."

"वादळ लागलं होतं ना?"

काकांनी माझ्या खांद्यावरून सासूबाईंकडे पाहिलं. "नोंद नाही," म्हणाले.

एकूण एक्केचाळीस सेकंद. शिंपीकाकांनी तेवढीही घेतली नाहीत. नर्सबाई फोटोच्या दोन प्रती घेऊन आल्या, साक्षांकित केलेल्या, आणि आपलं आयुष्य चार शब्दांत उरकून म्हणाल्या, "सही कुठे करू?"

माझं डोकंच फिरलं. सगळे गेल्यावर सासूबाईंना म्हटलं, "आई, पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसा."

"मी असले की त्यांना धीर येतो."

"धीर कसला? तीस वर्षं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावून ठेवलंय तुम्ही. आता निधी गेला तर तुमच्यामुळे जाईल."

बोलायला नको होतं. सुनेने तर नकोच नको. त्यांनी छत्री उचलली आणि एकट्याच घरी गेल्या. पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. माझा नवरा बिचारा दोघींच्या मध्ये पाण्याचे ग्लास पोहोचवत होता.

बुधवारी सकाळी ड्रायव्हरकाका आणि शिंपीकाकांना मी पुन्हा बोलावलं होतं. नर्सबाईंची ड्यूटी होती, त्या शनिवारशिवाय येणार नव्हत्या. आम्ही बसतोय न बसतोय तोच सासूबाई जिना चढून आल्या आणि सरळ माइकसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"मी शिकवलंय, तर मीच मोडते," म्हणाल्या. "चालू कर. आणि काही विचारू नकोस."

मग त्या बोलल्या. "आम्हाला एका इमारतीची राखण मिळाली होती. नवरा-बायको हवेत, मूल नको, अशी अट. अर्जावर विचारलं होतं, मुलं किती. आम्हाला एक मुलगी होती. मी लिहिलं, नाहीत. माझ्या हाताने लिहिलं. म्हटलं, दीड वर्षाचं पोर, तिला काय कळतंय, वर्षभरात आणू. बहिणीकडे ठेवली. वर्षाने आणायची म्हणून कचेरीत गेले, तर साहेब म्हणाला, तुमच्या कागदावर मूल नाही. आहे म्हटलं असतं तर कागद खोटा ठरून आम्ही दोघं परत. तोवर मला पुन्हा दिवस गेले होते. मी गप्प बसले. बहिणीने तिला स्वतःच्या नावावर घेतलं. ती मला मावशी म्हणते. तेव्हापासून मी कुणाचा फॉर्म चुकू दिला नाही."

ते दिवस म्हणजे माझा नवरा. आणि दर महिन्याला फोन करून "मावशीचं बीपी बघितलंस का" म्हणून मला दटावणाऱ्या माझ्या मावसनणंदबाई सख्ख्या नणंद निघाल्या. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे.

शिंपीकाका खिडकीकडे तोंड करून उभे होते. ड्रायव्हरकाकांनी घसा साफ केला. "उठा फॉर्मवाल्या," म्हणाले, "आता मी बसतो." ते पन्नास मिनिटं उठले नाहीत. त्यानंतर शिंपीकाकांनी तर दुकान उघडायचं राहिलं तरी पर्वा केली नाही.

दोन झाली, तिसरं सासूबाईंचं. पण त्यांनी अट घातली. "आधी तिला ऐकवायचं. ती नको म्हणाली तर पाठवायचं नाही. निधी गेला तरी चालेल."

नवऱ्याला त्यांनी त्याच दिवशी स्वतः सांगितलं, दार लावून. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "ताईला पाठवलंस?" एवढंच त्याने मला विचारलं. मी पाठवलं होतं.

गुरुवारी काही उत्तर नाही. फोनला शिवायचा कंटाळा करणाऱ्या सासूबाई त्या दिवशी तो न्हाणीघरातही घेऊन गेल्या. शुक्रवारी अकराला तो वाजला आणि त्यांनी तो माझ्याकडेच दिला. मी स्पीकर लावला.

"ऐकलं," नणंदबाई म्हणाल्या. "पाठवा. पण त्यात एक चूक आहे, मावशी. मी दीड वर्षाची नव्हते. साडेतीनची होते. फाटकापाशी उभी होते. तू वळून बघितलं नाहीस."

सासूबाईंनी छत्री उचलली. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "चल, खोलीवर जाऊ."

निधी मिळाला. आता खोलीत दर रविवारी लोक ऐकायला येतात, इथलेच जुने रहिवासीसुद्धा, आणि खुर्च्या लॉन्ड्रीतून मागून आणाव्या लागतात. सासूबाईंचं रेकॉर्डिंग संपलंसं वाटून कुणी उठायला लागलं, की मी त्यांना थांबवते. कारण त्यानंतर त्या शुक्रवारचा, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मग त्यांचा.

"तीन वर्षं, सात महिने," त्या म्हणतात. "मला माहीत होतं."