हसरा ऑक्टोपस

रांगोळी प्रदर्शनात पंखे बंद ठेवतात. त्यामुळे दिवाळीच्या आधी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बायका दरवर्षी घाम पुसत बसतो. यंदा माझं डोकं तापलं ते मात्र उकाड्याने नाही.

माझी सहा वर्षांची नात दिसेल ते उचलते. गोगलगाय, सुरवंट, खडकवासल्याला तर पाण्याकाठचा खेकडा. दिवाळीनंतर मुलगा-सून तिला अंदमानला नेणार होते. तिथल्या समुद्रात निळ्या वर्तुळांचा ऑक्टोपस असतो, हे मी वाचलं. जेमतेम लिंबाएवढं जनावर. एरवी मातकट, दगडाला चिकटलेलं, कोणाचं लक्षही जाणार नाही. छेडलं की अंगभर निळी वर्तुळं पेटतात. बिचारं आधी बजावतं, लांब राहा म्हणून. नाहीच ऐकलं तर चावतं. चावलेलं कळतही नाही म्हणे, आणि माणसाचा श्वास बंद पडत जातो. शुद्ध असते, सगळं ऐकू येतं, पण हाक मारता येत नाही. त्या विषावर उतारा नाही.

मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, चिल! आम्ही हॉटेलच्या बीचवरच असणार."

चिल म्हणे! हॉटेलवाल्याने समुद्राला कुंपण घातलंय का?

म्हणून यंदा मोर नाही, देवी नाही. कंबर मोडेपर्यंत बसून मी तो ऑक्टोपस काढला. अंग मातीच्या रंगाचं, डोळे रोखलेले, वर्तुळं निळीशार. तोंडी सांगितलेलं नातीच्या या कानातून त्या कानात जातं, चित्र मात्र ती विसरत नाही. तिला ते दाखवायचं आणि एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती. निळी वर्तुळं दिसली की हात मागे.

दुपारी जेवायला घरी गेले. नातीला घेऊन परत आले, तर ऑक्टोपस हसत होता. पांढऱ्या रांगोळीचं हे एवढं हसू, गालांवर गुलाबी खळ्या, आणि वर्तुळांवर चमकी!

"अहो, केवढा उग्र दिसत होता," प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "मुलं घाबरली असती. म्हणून मीच जरा गोड केला."

"लाडू आहे का तो, गोड करायला? घाबरायलाच हवं होतं!"

"रागावताय काय? कलेत सौंदर्य नको का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सौंदर्य! त्याचं सगळं सौंदर्य त्या रागातच होतं, आणि बाईंना तेवढंच नेमकं खटकलं. पोरीच्या दप्तरावर हसरा ऑक्टोपस, टी-शर्टवर हसरा ऑक्टोपस. एका ठिकाणी तरी तिला खरा दिसायला नको?

तेवढ्यात नात टाळ्या पिटत ओरडली, "आज्जी, कसला क्यूट आहे हा! अंदमानला मी याला हातावर घेणार."

मी खाली बसले आणि तळहाताने ते हसू खसकन पुसून टाकलं. मागून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. रांगोळीला हात लावायचा नाही, हे नातीला मीच ओरडून ओरडून शिकवलेलं. ती दचकली.

"आज्जी, तू रागावलीस?"

"हो. आणि हाही रागावलाय. त्याचा राग असा निळा असतो. तो दिसला की काय करायचं?"

तिने वर्तुळांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.