पेशंट कसो असा?

मुळगावहून गोकुळदासांचा फोन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "गौरवी, पेशंट कसो असा गो?"

"मेलेलो, बाबा."

"ता माका म्हायत असा. पण आता बरो असा मा?"

गौरवीचा पेशंट म्हणजे एक तारा. कैक शतकांपूर्वी फुटलेला. त्याच्या चिंध्या अजून आकाशात पसरताहेत, आणि त्या इतक्या तापल्यात की त्यांतून क्ष-किरण सुटतात. वाटेत हवा ते गिळून टाकते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते. त्या दुर्बिणीचा थोडासा वेळ मिळावा यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ अर्ज करून वाट बघत बसतात. गौरवी पुण्यात शिकली, जपानला जाऊन आली, परत पुण्यात रुजू झाली. गावं बदलली, पेशंट तोच. तिचे गाइड टेबलावर बोट आपटत म्हणायचे, "अहो, तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या. डेटा काय म्हणतो? डेटा?" डेटा बरीच वर्षं काहीच म्हणाला नाही. मग एकदा म्हणाला: ताऱ्याच्या कडेला, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी, कॅल्शियमचा झोत.

त्याचं चित्र तिने घरी नेलं. आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवलेल्या गोकुळदासांनी ते उचललं, खिडकीशी गेले आणि उजेडासमोर धरून डोळे बारीक केले.

"फ्रॅक्चर खंय?"

"सगळाच फ्रॅक्चर, बाबा."

ते खूप वेळ बघत राहिले. गावात मात्र त्यांनी हे सगळं सुटसुटीत करून टाकलं होतं. "आमची गौरवी? एक्स-रेची डॉक्टर."

आणि ते अंगाशी आलं. गावाने तिचा सत्कार ठरवला. देवळाच्या सभामंडपात ती पोचली तर वर बॅनर: 'एक्स-रे तज्ज्ञ डॉ. गौरवी यांचा सत्कार व मोफत तपासणी शिबिर'. खाली खुर्च्यांवर सगळं गाव, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट.

गोकुळदासांचा चेहरा उतरला. "गो, मी फकत डॉक्टर म्हटलंय. शिबिर ह्या शंभून घातल्यान. आता लोक म्हणतले, गोकुळदासान इतकी वर्सा थापो मारल्यान."

"मी सांगतंय त्यांका."

"नाय. बोललंय मी, मीच सांगतलंय."

मंडळाचा शंभू माईकवर होता. माईक हातात आला की त्याच्या शब्दांना शेपट्या फुटतात. "सत्कारमूर्तींचेऽऽ वडीलऽऽ दोन शब्दऽऽ..."

गोकुळदास उठले. माईक धरला. "माझा चेडू माणसांचो एक्स-रे काढणा नाय. मेलेल्या ताऱ्याचो काढता."

मागच्या रांगेतून कृष्णनाथ खणखणीत बोलला, "मेल्ल्याक तपासून उपेग काय रे गोकुळदासा? औषध कोणाक देतला?"

मंडप हसला. गोकुळदास माईक तसाच धरून उभे. गौरवीने त्यांचा हात बघितला. घाट उतरताना स्टिअरिंग घट्ट धरायचे, तसा.

ती पुढे गेली. पहिल्या रांगेतल्या चंद्रावतीमावशींच्या मांडीवरचं पाकीट उचललं, आतली फिल्म काढली आणि बाबांसारखीच उजेडासमोर धरली.

"मावशी, दुखण्यातला माका कळणा नाय. त्येका हाडांच्या डॉक्टराकडेच जावा. पण ह्या पांढरा दिसता ना, ता हाड. हाडात कॅल्शियम असता. ता कॅल्शियम तयार खंय झाला, ता माका म्हायत असा. असोच एक तारो फुटलो तेव्हा. आपली पृथ्वी होवच्या आदी."

चंद्रावतीमावशींनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"म्हणजे ह्यो गुडघो वयसून इलो?"

"त्यातला कॅल्शियम तरी."

"म्हणानच मेल्याक जमनीर बसाक जमणा नाय!"

पुन्हा हशा उसळला, पण ह्या खेपेला गोकुळदाससुद्धा हसले. कृष्णनाथ खुर्च्या सरकवत पुढे आला, आपलं पाकीट पुढे करत. "माझी कंबर बघ गो. खंयच्या ताऱ्याची ती?"

मग कोणी घरी गेलं नाही. उलट रांग लागली. बॅनर तसाच राहिला. गोकुळदास एकेक फिल्म उजेडासमोर धरायचे, गौरवी सांगायची, आणि मध्येच ते स्वतःच सांगायला लागायचे, "ह्या बघ, ह्या पांढरा. ताऱ्यातला."

ती पुण्याला परतल्यावर फोन आला.

"पेशंट कसो असा?"

"खंयचो, बाबा? चंद्रावतीमावशींचो गुडघो?"

"तो देवळाच्या पायऱ्येर बसून सगळ्यांका आपलो तारो दाखयता. तुझो सांग."

"अजून पसरता."

"पसरांदे," गोकुळदास म्हणाले. "घाई नाय."