दुसऱ्या मजल्यावर उज्ज्वला थांबायची

उज्ज्वलाच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "मावशी, आई गेली गं," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं त्याची मला अजून लाज वाटते. "तुझ्या मनाची काय अवस्था असेल, मी समजू शकते," असं मी म्हणाले. जन्मात मी कधी अशी बोललेले नाही. आमच्या वर्गात शिकवलेलं वाक्य होतं ते, आणि हातात शेंग धरून मी ते जसंच्या तसं म्हटलं. पलीकडे ती पोर रडत होती... मला रडू फुटलं ते खूप नंतर, विक्रोळीला त्यांच्या घरी जाताना रिक्षात.

उज्ज्वला माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एका कंपनीत तिने वर्षानुवर्षं रिसेप्शन सांभाळलं. भांडायच्या तयारीने फोन करणारा माणूससुद्धा तिचा आवाज ऐकून निवळायचा. घरी मात्र नवऱ्याने किंवा लेकीने तब्येतीचं काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, मला काय धाड भरलीय? आम्ही दोघी मागेपुढेच निवृत्त झालो. ती कंपनीतून, मी मुलुंडच्या शाळेतून. संज्ञापनाच्या, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या शास्त्राच्या, पदव्युत्तर प्रमाणपत्राचं खूळ माझ्या डोक्यातलं. घाटकोपरच्या एका संस्थेत शनिवार-रविवार वर्ग भरायचे. या वयात कसलं गं सर्टिफिकेट, म्हणून तिने आधी उडवून लावलं. मी पिच्छा सोडला नाही. आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेस, आता त्यातलं शास्त्र तरी शिक, असं काहीबाही बोलून मी तिला तयार केलं. वर्ग चौथ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बहुतेक बंदच असायची. हे मला आधी कळलं होतं, तिला सांगायचं राहून गेलं.

वर्गातल्या तरुण मुलांत आम्ही दोघी सगळ्यांच्या मावश्या. मला वाटलं होतं ती कंटाळेल, पण ती माझ्यापेक्षा जास्त रमली. पुस्तकातले जड शब्द घरी भांडी लावताना म्हणून बघायची आणि दुसऱ्या दिवशी मला ऐकवून हसायची. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी लागते. तिच्या कट्ट्यावर पर्स टेकवून उज्ज्वला म्हणायची, "तू हो पुढे, मी जरा बाहेर बघते." मी पुढे व्हायचे. पंख्याखालच्या दोन जागा पकडायच्या असायच्या. रेंगाळायची तिला कॉलेजपासून सवय, साड्यांच्या दुकानासमोरून तिला ओढून न्यावं लागायचं, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

मग ऐकण्याचा पाठ आला. जोडीतल्या एकीने मनातली खरीखुरी गोष्ट सांगायची आणि दुसरीने फक्त ऐकायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं पुराण लावायचं नाही. समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं आणि सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं. पोरांचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी मी बाई. तुझ्याशी बोलायचं म्हणजे नंबर लावावा लागतो, असं उज्ज्वला नेहमी म्हणायची. म्हणून मी इरेला पेटले होते. माझ्या घरी चहा घेऊन आम्ही बसलो. ती आधी थोडी घुटमळली, मग सांगायला लागली... हल्ली भाजीची पिशवी घेऊन आलं की छातीत भरून येतं, धाप लागते, आडवं झालं की जीव घाबरा होतो, उशांची चळत लावून झोपते. मी मान हलवत होते. मनातून मात्र खूश होते, की बघा, आज कशी मी गप्प बसलेय. तिचं संपल्यावर शिकवलेल्या शांत आवाजात म्हणाले, "म्हणजे थोडंसं काम केलं तरी तुला थकवा येतो, आणि त्याची तुला काळजी वाटतेय."

"हो." तिने चहाचा कप खाली ठेवला. "मग आता काय करू गं?"

नियमाप्रमाणे मी काहीच बोलले नाही.

सरांनी ते रेकॉर्डिंग वर्गात मोठ्या आवाजात लावलं. शेवटच्या शांततेचं तर त्यांनी विशेष कौतुक केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यात उज्ज्वलाही होती. "झकास ऐकलंस हां," असं म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरला दाखवलंत का, एवढं त्या भरल्या वर्गात तिला कोणी विचारलं नाही. सगळे माझं ऐकणं ऐकत होते. मला वाटलं होतं तिने अभ्यासापुरता विषय घेतलाय, असं मी आता सांगू शकते, पण ते खोटं आहे. मी त्यावर विचारच केला नव्हता. त्यानंतर महिनाही गेला नसेल, सकाळी घरीच तिचं हृदय बंद पडलं.

उज्ज्वलाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक पांगले, तेव्हा प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. तुमच्या अभ्यासाचं काहीतरी रेकॉर्डिंग आहे असं आई सांगत होती, बाबांना तिचा आवाज ऐकायचाय, पाठवशील का, असं तिने विचारलं. शोधते, मी म्हणाले. शोधायचं काय होतं, ते फोनमध्येच होतं. पुढे कितीतरी दिवस मी शोधतच राहिले. एकदा तर पुसून टाकायला बोट गेलं होतं... शेवटी पाठवलं आणि फोन पालथा घालून बसले. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. ती आता मला बोल लावणार, आणि तिने ते लावावेत, असंच मला वाटत होतं.

"मावशी, आम्हाला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं गं," ती म्हणाली. "तुला तरी सांगितलं. बरं झालं तू होतीस."

ते मला सोसवेना. आता काय करू म्हणून उज्ज्वलाने मला विचारलं होतं, मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, असं मी बोलून टाकलं.

"हो," प्रज्ञा म्हणाली. "बाबा पण तेच म्हणाले."

त्यानंतर त्या माणसाला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. जाईन. आधी मनात आलं, हा कोर्सच सोडून द्यावा. पण मध्येच सोडला असता तर उज्ज्वलाने माझी सालटी काढली असती, म्हणून जातेय. गेल्या रविवारी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर माझे पाय थांबले. एवढे दिवस ती इथून काय बघत होती ते बघावं म्हणून कट्ट्यावर पर्स ठेवली आणि वाकले. एखादं झाड असेल, रस्त्याचा तुकडा असेल, निदान आभाळ तरी... काचेच्या बाहेर कोणाच्या तरी एसीचा धुळकट खोका होता, आणि त्यामागे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथून काहीच दिसत नव्हतं.