कॉम्प्युटरला लावलेली हळद
परवा जुना कॉम्प्युटर भंगारात देताना त्याच्या सीपीयूच्या डब्याच्या जाळीत सुकलेली हळद दिसली. मी घरातला पहिला बीएस्सी. कॉम्प्युटर घेतला त्या वर्षी दसऱ्याला मायनं विळ्यासोबत कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू वाहिलं आणि दिवाळीपर्यंत तो साधी फाईल उघडायला पाच मिनिटं घेऊ लागला. "तुझ्या अडाणी पूजेनंच बिघडला," मी शेजारणींदेखत ओरडलो. "बरकत यावी म्हणून लावलं ना, बापू," ती पुटपुटली. गोंदियाहून आलेला मेकॅनिक मात्र हसला. "हल्दी से कुछ नहीं हुआ भैया, आपके पेनड्राइव से वायरस आया है." माय तेव्हा धान कापायला गेली होती. संध्याकाळी तिला सांगायला मला कमीपणा वाटला. पुढे ती पाहुण्यांना सांगायची, "माह्यानंच बिघडला होता." मी शेजारी बसून ऐकायचो. ती वारली, तोवर खरं काय ते माझ्या तोंडून निघालं नाही.